येऊरच्या वासाचं पुढे काय होतं

येऊरच्या डोंगराला ठाण्याची फुप्फुसं म्हणायची आपल्याला सवय झाली आहे. झाडं धूळ अडवतात, हे खरंच. पण हीच झाडं हवेत कणांचा कच्चा मालही सोडत असतात, हे सहसा कुणी सांगत नाही.

ऊन चढलं की रानाला वास सुटतो. त्यात टर्पीन जातीचे वायू असतात. ओझोनशी गाठ पडताच त्यांचे काही रेणू ऑक्सिजन धरून इतके जडावतात की मोकळे उडत राहणं त्यांना जमत नाही. मग ते एकमेकांना बिलगतात. हा पुंजका एक-दोन नॅनोमीटरचा. माणसाचा केस त्याच्या निदान तीस हजारपट जाड. तासाला काही नॅनोमीटर या बेताने तो वाढतो. पन्नास-शंभरपर्यंत पोचला, तर त्याच्यावर ढगाचा थेंब धरू शकतो. गंधकाम्लाची मदत नसतानाही असा कण जन्मतो, हे जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत २०१६ साली दिसलं. तोवर गंधकाम्लाशिवाय हे होतच नाही, असं बहुतेकांनी धरलेलं होतं.

फिनलंडच्या पाइनबनात हे जन्मसोहळे वर्षानुवर्षं मोजले जात आहेत. आपलं रान वेगळं. उष्ण प्रदेशातली पळसासारखी झाडं आयसोप्रीन भरपूर सोडतात, आणि ते जमिनीलगत नव्या कणांच्या जन्मात उलट खोडा घालतं.

त्याहून मोठा खोडा गर्दीचा. हवेत आधीच धूर-धूळ दाटलेली असेल, तर झाडाच्या वाफेला स्वतंत्र संसार थाटता येत नाही. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये डोंबिवलीला चढणाऱ्यासारखी ती समोर असेल त्याला चिकटते, आणि नवा कण जन्मण्याऐवजी जुनाच लठ्ठ होतो. म्हणून अशा मोजमापांना उंचावरची, तुलनेने मोकळी हवा बरी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१२ पासून महाबळेश्वरला ढगांची प्रयोगशाळा चालवली आहे, ती काही थंड हवा खाण्यासाठी नव्हे!

दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की येऊरची हवा खाडी आणि पारसिकचा डोंगर ओलांडून डोंबिवली-कल्याणकडे सरकते. वाटेत तिला ट्रकचा धूर भेटतो, कारखान्यांचा सल्फर डायऑक्साइड भेटतो. तिथे गच्चीवर उभ्या माणसाच्या छातीत जाणाऱ्या एकाच कणात धुराड्याचं गंधक असू शकतं आणि त्याच्यावर बसलेला झाडांच्या वाफेचा थरही. शुद्ध हवेसाठी रविवारी येऊरला जाणाऱ्यांना हे सांगितलं, तर ते रागावतील बहुधा.