टॉर्कचं पठार

मोटरसायकलच्या जाहिरातीत टॉर्कचा एक आकडा असतो, आलेख क्वचितच. घाट चढताना मात्र त्या आलेखाचा आकारच कामाला येतो. शक्तीचा आकडा तर आणखी फसवा. 25 न्यूटन-मीटर टॉर्क 3000 आरपीएमला मिळाला तर शक्ती होते जेमतेम 8 किलोवॅट. तेवढाच टॉर्क 5000 आरपीएमला मिळाला की 13. जोर तसूभरही वाढलेला नसतो, तो फक्त वर नेऊन ठेवलेला असतो. आणि हे वर नेणं, खाली आणणं बरंचसं कॅमच्या हातात.

माझी बुलेट जुनी, लोखंडी इंजिनाची. 346 सीसी, बोअर 70 मिलिमीटर, स्ट्रोक 90. इनलेट आणि एक्झॉस्टचे कॅम वेगवेगळे, त्यामुळे बदलायचे तर हेड काढावं लागत नाही. आधीच्या मालकाने तिच्यात ‘रेसिंग कॅम’ बसवले होते. आयडलिंगला ती अडखळत, धापा टाकत उभी राही आणि पोरं कौतुकाने ऐकत. अनेक जण कॅम कानानेच निवडतात, असा माझा समज आहे. ती धाप ओव्हरलॅपची असते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता मिटण्याआधी इनलेट उघडतो आणि काही अंश दोन्ही उघडे राहतात. वेगात बाहेर पडणारा धूर ताजं मिश्रण आत ओढून घेतो. संथ फिरताना तोच धूर उलटा इनलेटमध्ये शिरतो. डुकाटीने 1198 या सुपरबाइकचं इंजिन 2010 साली मल्टिस्ट्राडा 1200 या प्रवासी गाडीसाठी घेतलं, तेव्हा ओव्हरलॅप 41 अंशांवरून 11 अंशांवर आणला. सुमारे 170 अश्वशक्तीची 150 झाली आणि खालची ओढ गुळगुळीत झाली. शर्यतीच्या नावावर जगणाऱ्या कंपनीने हे केलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण ओव्हरलॅपपेक्षाही मी आधी पाहतो ते इनलेट बंद कधी होतो ते. पिस्टन तळाला जाऊन वर येऊ लागला तरी तो व्हॉल्व्ह काही काळ उघडा ठेवतात, कारण वेगाने येणारी हवा आपल्याच रेट्याने आत घुसत राहते. एसटी थांब्यावर मागून रेटा असेल तर दार उशिरा लावणारा कंडक्टर आणखी चार माणसं आत घेतो. रेटा नसेल तर दारातलेच खाली उतरतात. कमी आरपीएमला नेमकं हेच होतं: भरलेलं मिश्रण कार्बुरेटरकडे परत ढकललं जातं. कॅम उशिरा मिटणारा असेल तर खाली कॉम्प्रेशनही पोकळ होतं, मग ओढ कुठून येणार?

कॅटलॉगात हा अंश शोधावा लागतो. ठळक छापलेले असतात ते लिफ्ट आणि ड्युरेशन. त्यातही एक जण व्हॉल्व्ह जरासा हलल्यापासून मोजतो, दुसरा तो मिलिमीटरभर उचलल्यावर. अशा दोन आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

मेस्त्रींनी यातलं काहीच विचारलं नाही. ‘‘गाडी कुठं चालवता, आणि मागं कोण बसतं, ते सांगा आधी.’’ कोल्हापूर ते रत्नागिरी, आंबा घाटातून, मागे बायको आणि सामान. त्यांनी लवकर मिटणारा, कमी ओव्हरलॅपचा जोड काढून दिला. लिफ्टमध्ये फारसा फरक नव्हता. लिफ्ट वाढवली की स्प्रिंग आणि पुशरॉडवर ताण येतो, आणि माझ्या वेगाला तेवढी हवा लागतच नाही.

आता घाटात तिसऱ्या गिअरला गाडी शांतपणे चढते. वळणावर वेग पडला तरी गिअर उतरवावा लागत नाही. सपाट रस्त्यावर मात्र तिचा दम पूर्वीपेक्षा लवकर संपतो, हे ठरवूनच घेतलेलं होतं. खालचं कॉम्प्रेशन भरीव झाल्यामुळे उन्हाळ्यात चढावर टकटक ऐकू येऊ लागली, म्हणून इग्निशन किंचित मागे घेतलं.

जुने कॅम एका मित्राने आनंदाने नेले. तो बंगळुरू हायवेवर एकटाच फिरतो. परवा आम्ही गाड्या बदलून पाहिल्या आणि दोघांनीही किल्ल्या लगेच परत केल्या.