हा तुमच्या हाती सोपवितो

तंजावरला गेलात तर बृहदीश्वराचे भव्य देवालय पाहून झाल्यावर शिवगंगा किल्ल्यातील लहानशा ख्रिस्तमंदिरातही अवश्य जा. तेथे फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने कोरलेले एक संगमरवरी शिल्प आहे. मृत्युशय्येवर मिशनरी श्वार्ट्झ आणि त्यांचा हात हाती घेऊन उभा असलेला मराठा राजा सरफोजी. शिल्प राजानेच करवून घेतले.

त्यामागची हकीकत मननीय आहे. १७८७ साली तुळजाजी महाराजांचा अंतकाळ जवळ आला, तेव्हा दत्तक घेतलेला सरफोजी अवघा दहा वर्षांचा होता. महाराजांनी श्वार्ट्झना बोलावून मुलगा त्यांच्या हाती देऊ केला. श्वार्ट्झ म्हणाले, आपले बंधू अमरसिंग आहेत, त्यांच्याकडे सोपवावा. सल्ला रीतीला धरून होता. पण काकांच्या छत्राखाली मुलाची आबाळ होऊ लागली. मग श्वार्ट्झ मध्ये पडले, त्यांनी कंपनी सरकारकडे रदबदली केली आणि १७९३ मध्ये मुलाला मद्रासला नेऊन त्याच्या शिक्षणाची सोय झाली. सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आला. तो ख्रिस्ती झाला नाही, आणि श्वार्ट्झ यांच्या मायेला ती अटही नव्हती.

“माझ्यामागे याचे कसे होणार?” राजाचा हा प्रश्न आज अनेक घरांत रात्री उशिरा विचारला जातो. तेथला ‘मुलगा’ मात्र दहा वर्षांचा नसतो, पंचेचाळीस-पन्नास वर्षांचा असतो, आणि विचारणारे आईबाप ऐंशीच्या घरात. त्याला ऑटिझम आहे. मराठीत आपण स्वमग्नता म्हणतो. मला हा शब्द फारसा रुचत नाही. त्यात आत्मप्रेमाचा आरोप डोकावतो. नजरेला नजर न देणारा माणूस स्वतःतच रमलेला असतो असे नाही. पुष्कळदा आवाज, गर्दी, अनपेक्षित स्पर्श यांचा त्याच्यावर इतका मारा होत असतो की तो जेमतेम उभा असतो.

लिओ कॅनर यांनी या अवस्थेचे वर्णन १९४३ मध्ये केले. पण आज साठीत असलेल्यांच्या बालपणी आपल्याकडे किती डॉक्टरांना ते नाव ठाऊक होते? अनेकांना कोणतेच निदान मिळाले नाही. मिळाली ती एककल्ली, विक्षिप्त, माणूसघाणा ही विशेषणे. वार्धक्याने त्यांच्या अडचणीत भर पडते. दुखते कोठे हे सांगता येत नाही, इस्पितळातील दिवे आणि गोंगाट सोसत नाहीत, आणि ज्या आईला न बोलता सारे कळत असे ती आता नसते.

कायद्याने काही केले आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने अशा प्रौढांना कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मर्यादित पालकत्वाची कल्पना आणली. त्यात निर्णय त्या व्यक्तीच्या ऐवजी नव्हे, तिच्यासह घ्यायचा असतो. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. आपण सहज ‘सोपविणे’ म्हणतो. पण सोपविली जाते ती ठेव, आणि माणूस म्हणजे कुलपात ठेवण्याची ठेव नव्हे. अमरसिंगाकडे नाते होते, अधिकारही होता. उणे होते ते मुलाकडे पाहणारे डोळे.

कॅनर यांचा पहिला रुग्ण डोनाल्ड ट्रिप्लेट अमेरिकेतील फॉरेस्ट या छोट्या गावी वाढला. बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, मोटार चालविली, एकट्याने दूरदूरचा प्रवास केला. आईबाप गेल्यावरही तो त्याच घरी राहिला आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी वारला. घरची सुस्थिती होती हे खरे. पण गावाने त्याला ओळखले, तऱ्हेवाईकपणासकट आपला मानले. हे पैशाने विकत मिळत नाही.

आपल्या मंडळीत तसे घडते काय? दर रविवारी त्याच बाकाच्या त्याच टोकाला बसणाऱ्या गृहस्थांची जागा एखाद्या पाहुण्याने घेतली, आणि ते अस्वस्थ होऊन बाहेर निघून गेले, तर आपण हसतो की पाहुण्याला जागा बदलण्यास विनवितो? उपासनेचा ठरलेला क्रम अशांना मोठा आधार असतो. ध्वनिक्षेपक मात्र यातना. आणि कितीतरी घरी हाच ‘परावलंबी’ मुलगा घड्याळाच्या ठोक्याला म्हाताऱ्या आईला गोळ्या देतो, एकदाही न चुकता.

वधस्तंभावरून प्रभूने आईला योहानाच्या हाती दिले, हे आपण दर उत्तम शुक्रवारी ऐकतो. योहानकृत शुभवर्तमानाच्या १९ व्या अध्यायात ते पुन्हा वाचा. प्रभू केवळ योहानाशी बोलत नाही. आधी आईशी बोलतो. जिची सोय लावायची तिलाच तो प्रथम सांगतो.

आणि तंजावरच्या त्या शिल्पात हात धरणारा पालक नाही, पाल्य आहे.