वास कोण कुणापासून लपवतं?

साध्या लाकडी धनुष्याने शिकार करणाऱ्या अमेरिकन लोकांचे व्हिडिओ मी लोकलमध्ये बघतो. डोंबिवली ते ठाणे, उभ्याने, एका हातात मोबाइल. मी शिकार करत नाही, करणारही नाही. मला त्यांची तयारी बघायला आवडते.

हरणाच्या मागावर निघण्याआधी हा माणूस बिनवासाच्या साबणाने आंघोळ करतो. कपडे तसल्याच पावडरने धुऊन, पाला भरलेल्या डब्यात बंद करून ठेवतो. पेट्रोल भरताना ते कपडे अंगावर नसतात. बूट रबराचे, कारण चामडं वास धरून ठेवतं. शिवाय कार्बनचा थर असलेला सूट, वरून वास मारणारा फवारा. काही जण तर ओझोन सोडणारं यंत्रही वापरतात.

हा सगळा खटाटोप एका नाकाला फसवण्यासाठी. या फसवण्यात काही गैर आहे का?

आधी त्या नाकाविषयी. हरणाचा डोळा हालचाल पटकन टिपतो, पण स्थिर उभ्या माणसाला तो बऱ्याचदा दुर्लक्षून सोडून देतो. आवाज आला तर हरीण थांबतं, कान वळवून खात्री करतं. माणसाचा वास आला की मात्र खात्री करत बसत नाही, निघून जातं. आपल्या कातडीचे बारीक कण सतत झडत असतात, त्यांच्यावरच्या जिवाणूंमुळे वास तयार होतो आणि वारा तो पुढे नेतो. म्हणून शिकाऱ्याचा पहिला नियम साबणाचा नाही, वाऱ्याचा आहे: वारा तोंडावर घेऊन चालायचं. डोंगरात तेही अवघड. ऊन चढलं की उतारावरची हवा तापून वर सरकते, संध्याकाळी गार होऊन खाली उतरते.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री येऊरच्या जंगलात पाणवठ्यांवर प्राणी मोजायला मचाणावर बसतात. अत्तर नको, भडक कपडे नकोत, बोलणं नको, अशा सूचना असतात. मी बसलो होतो त्या वर्षी मध्यरात्रीनंतर एक सांबराची मादी पाण्याच्या अगदी जवळ आली. तेवढ्यात वारा फिरला. तिने एकदा पाय आपटला आणि पाणी न पिताच ती झाडीत गेली. तिने आपलं मत दिलं, याचं मला कौतुक वाटलं. पण मे महिन्याच्या उकाड्यात ती तहानलेली गेली, हेही खरं. आमच्याकडे शस्त्र नव्हतं, तरी आमच्या तिथे असण्याची किंमत तिने मोजली होती.

वास लपवणं हा काही कंपन्यांचा शोध नाही. १९११ साली कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावात एक माणूस सापडला. याही जमातीतला तो शेवटचा. त्याची माणसं गोऱ्या वसाहतवाल्यांनी मारून संपवली होती आणि तो स्वतः कित्येक वर्षं लपून जगला होता. त्याला सगळे इशी म्हणत. सॅक्स्टन पोप नावाचा डॉक्टर त्याच्याकडून धनुष्य बनवायला आणि चालवायला शिकला, आणि १९२३ साली त्याने त्यावर पुस्तक लिहिलं. शिकारीच्या आदल्या दिवशी इशी मासे खात नसे, तंबाखू ओढत नसे. पहाटे ओढ्यात आंघोळ करायची, अंगाला सुवासिक पाला चोळायचा, चूळ भरायची आणि उपाशीपोटी निघायचं.

हे वाचताना मला आजीची व्रतं आठवली. उपास, स्नान, कमी बोलणं. इशीही लपतच होता, पण लपण्यासाठी त्याला आदल्या दिवसापासून स्वतःला आवरावं लागत होतं. फवाऱ्याच्या बाटलीला फक्त पैसे लागतात.

लपून मारावं का, हा वाद आपल्या दोन्ही महाकाव्यांत आहे. झाडाआडून बाण लागलेला वाली रामाला जाब विचारतो. रामाच्या उत्तरात एक मुद्दा शिकारीचा आहे: माणसं जाळी लावून, फासे टाकून, कधी लपून तर कधी उघडपणे प्राणी धरतात, त्यात दोष नाही, आणि तू तर वानर आहेस. म्हणजे समोर प्राणी असेल तर लपणं चालतं. महाभारतात पांडू मैथुनात असलेल्या हरणांच्या जोडीवर बाण सोडतो, आणि तो मृग किंदम ऋषी निघतो. पांडू आपली बाजू नेमकी उलटी मांडतो: राजे मृगांना कपट न करता मारतात, तो त्यांचा धर्मच आहे.

मला या दोघांपेक्षा किंदम जास्त पटतो. तो म्हणतो, मृग मारलास म्हणून मी तुला दोष देत नाही. माझं मैथुन संपेपर्यंत तू थांबायला हवं होतंस. लपलास की समोर आलास, हा त्याचा प्रश्नच नाही. तुला थांबता आलं का, एवढंच तो विचारतो.

साधं धनुष्य माणसाला थांबायला लावतं. त्याचा बाण खात्रीने लागावा असं अंतर वीस-पंचवीस मीटरच्या आतलं. बाण गोळीसारखा धक्क्याने पाडत नाही, रक्तस्रावाने मारतो. फुप्फुसात बसला तर जनावर थोड्याच वेळात कोसळतं. इंचभर चुकला तर जखम घेऊन पळतं आणि कुठेतरी तडफडत राहतं. म्हणून धनुष्य बंदुकीपेक्षा सात्त्विक आहे, असं मी म्हणणार नाही. पण जवळ जावं लागतं, आणि कोन नीट नसेल तर ताणलेली दोरी सैल सोडून परत यावं लागतं. १९६९ साली हॉलेस ॲलनला चाकांच्या धनुष्याचं पेटंट मिळालं. दोरी पूर्ण ओढली की त्या चाकांमुळे बराचसा भार उतरतो, नेम धरून निवांत उभं राहता येतं. अंतर वाढलं, चूक कमी झाली. त्याचबरोबर, आधी जे थांबणं लाकूड आणि स्नायू करून घेत होते, ते आता माणसाच्या मनावर आलं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला फ्रिक्शन कमी करणं म्हणतो. त्यासाठीच आम्हाला पगार मिळतो.

आपल्याकडे थांबवण्याचं काम कायदा करतो. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा परवाना काढून शिकार करता येत असे. १९९१च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. २००६च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे अनेक पारंपरिक हक्क मान्य केले, पण शिकारीचा हक्क त्यातून स्पष्ट शब्दांत वगळला. मला ही बंदी योग्य वाटते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०३ चौरस किलोमीटरचं आणि त्याला चहूबाजूंनी महानगराचा वेढा. एवढ्याशा जंगलाला कुणाचाच बाण परवडणार नाही.

पण बंदीची किंमत सगळ्यांनी सारखी दिलेली नाही. मुरबाड-शहापूरच्या कातकरी वाड्यांवर शिकार हा छंद नव्हता, जेवण होतं. खैरापासून कात काढण्यावरून या जमातीचं नाव पडलं. तो धंदा गेला, जंगल गेलं, आणि हातातली विद्या गुन्हा ठरली. वारली चित्रात धनुष्य ताणलेला माणूस आपल्याला इतका आवडतो की आपण तो कुर्त्यावर आणि कॉफीच्या मगवर छापतो. त्याच माणसाच्या नातवाने गलोलीने ससा मारला तर तो आरोपी.

मध्यंतरी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जंगलात सापडलेल्या तारेच्या फाशांचा फोटो आला. खाली प्रतिक्रिया: किती क्रूर लोक आहेत! फासा वाईटच. तो ससा, हरीण, बिबट्या असा भेद करत नाही आणि त्याला थांबता येत नाही. पण दहा मिनिटांनी त्याच ग्रुपवर गटारीला किती किलो चिकन मागवायचं याची यादी सुरू झाली.

त्या चिकनला वास नव्हता. धुतलेलं, हाडं काढलेलं, पारदर्शक प्लास्टिकमध्ये सीलबंद, वर डिस्काउंटचा स्टिकर. एमआयडीसीतून येणारा केमिकलचा वास ओळखून तक्रार करणारे आम्ही डोंबिवलीकर. पिंजऱ्याचा, पिसांचा, रक्ताचा वास मात्र आमच्या मजल्यापर्यंत पोचतच नाही. शिकारी आपला वास प्राण्यापासून लपवतो. आपण प्राण्याचा वास आपल्यापासून लपवतो. त्या सांबर मादीला वारा फिरला की निसटता येतं, कारण फसवणूक तिच्या नाकाची चाललेली असते आणि ते नाक जिंकू शकतं. आपल्या बाबतीत फसवणारे आपण आणि फसणारेही आपणच. अशा वेळी वारा कुणासाठी फिरायचा?

याचं उत्तर सगळ्यांनी शाकाहारी व्हावं असं मी देणार नाही. तो निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. मी मांस खातो. पण शिकाऱ्याला क्रूर म्हणायचा हक्क हवा असेल, तर किंदमाचा प्रश्न आधी स्वतःला लागू करायला हवा. मला थांबता येईल अशी एखादी जागा मी शिल्लक ठेवली आहे का? ॲपवर तशी जागा नाही. आमच्यासारख्यांनी ती मेहनतीने काढून टाकली आहे.

म्हणून रविवारी मी स्टेशनजवळच्या दुकानात जातो, कोंबडी कापून होईपर्यंत तिथेच उभा राहतो. वास येतो, पाय मागे सरतात. बहुतेक रविवारी मी पिशवी घेऊन घरी येतो. एखाद्या रविवारी अंडी घेऊन येतो, आणि आई काही विचारत नाही.