‘पिंड’ शब्दाचा अर्थविचार

‘पिंड’ शब्दाच्या मुळाशी असलेल्या संस्कृत धातूचा अर्थ संघात, म्हणजे विखुरलेले एकत्र येणे, असा आहे. म्हणून मातीचा गोळा तो पिंड. छांदोग्योपनिषदात उद्दालकाने श्वेतकेतूस दृष्टांत दिला तो या मृत्पिंडाचाच. आयुर्वेदात गर्भाच्या आरंभीच्या घनरूपास पिंड म्हटले आहे. देहही पिंड, आणि देह पडल्यावर द्यावयाचा भाताचा गोळाही पिंडच. जन्म, जीवन व मरण या एकाच शब्दात सामावले. मग देहाचा अभिमान कशास? जे जुळले ते सुटणारच.

परंतु मराठीत पिंड म्हणजे स्वभावही. देहाचा पिंड आपण घडविला नाही. स्वभावाचा पिंड मात्र नित्याच्या आचरणाने आपल्याच हातून वळला जातो. तो कसा वळला जात आहे, हे ज्याचे त्याने पाहावे.