वारा, करसवलत आणि लोकमत

पवनऊर्जेला सरकार जी करसवलत देते, ती कोणाच्याही वीजबिलावर छापलेली नसते. ती कंपनीच्या ताळेबंदात असते आणि प्राप्तिकराच्या विवरणपत्रात असते. २००६-०७ पासून केंद्रीय अर्थसंकल्पासोबत सोडून दिलेल्या महसुलाचे विवरण मांडले जाते, तिथेही ती इतर उद्योगांच्या घसाऱ्यात मिसळलेली असते. हे विवरण उघडून पाहणारे मोजकेच. त्यामुळे या सवलतीविषयीचे लोकमत सवलत पाहून बनलेले नाही. पवनचक्की ज्या जमिनीवर उभी राहिली ती जमीन आणि महिन्याचे वीजबिल, या दोन ठिकाणी ते बनले. महाराष्ट्रातील गेल्या पंचवीस-तीस वर्षांचा अनुभव या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

सवलतीचा मुख्य आधार म्हणजे प्राप्तिकर कायद्यातील वेगवर्धित घसारा. यंत्र झिजते, म्हणून त्याच्या किमतीचा काही भाग दरवर्षी नफ्यातून वजा करता येतो. पवनचक्कीच्या बाबतीत २००२ पर्यंत पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी वजा होत असे. त्यानंतर हे प्रमाण ८० टक्के झाले. समजा, त्या काळात भरपूर नफ्यात असलेल्या एखाद्या कापड गिरणीने ६ कोटींची पवनचक्की घेतली. पहिल्याच वर्षी ४ कोटी ८० लाख रुपये नफ्यातून वजा होतात आणि ३० टक्के दराने १ कोटी ४४ लाखांचा कर त्या वर्षापुरता टळतो. हा कर माफ होत नाही, लांबणीवर पडतो. पुढच्या वर्षांत वजा करायला घसारा फारसा उरत नाही. पण आजचा पैसा उद्यावर ढकलता येणे म्हणजे बिनव्याजी कर्जच, आणि सीए मंडळी ते कर्ज म्हणूनच मोजतात. यंत्र वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरले तर घसारा निम्माच मिळतो. म्हणून यंत्रे सुरू करण्याची धांदल सप्टेंबरअखेर आणि मार्चअखेर उसळत असे. वाऱ्याचा हंगाम जून ते सप्टेंबर. यंत्र सप्टेंबरच्या शेवटी सुरू झाले, तर त्या वर्षीचा वारा जवळजवळ निघून गेलेला असतो. सवलत मात्र पूर्ण पदरात पडते. सवलत यंत्र उभारण्याला होती, वीज निर्माण करण्याला नव्हती. पुढच्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथे आहे.

महाराष्ट्राने १९९८ च्या धोरणात केंद्राच्या सवलतीवर विक्रीकराची सवलत चढवली: गुंतवणुकीइतक्या रकमेपर्यंतचा लाभ, सहा वर्षांत टप्प्याटप्प्याने. सातारा जिल्ह्याचा नकाशा बदलायला एवढे पुरेसे होते. वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या सड्यांवर साडेतीनशे किलोवॉटच्या आसपासची यंत्रे रांगेने उभी राहिली. गुंतवणूक करणाऱ्यांत बजाज ऑटोसारख्या कंपन्या होत्या, ज्यांचा मूळ धंदा विजेचा नव्हता. त्यांना विक्रीकर भरावा लागत होता आणि तो वाचवायचा होता. १९९५ मध्ये सुरू झालेल्या, पवनचक्क्या बनवणाऱ्या सुझलॉनने याच काळात जागा, यंत्र, उभारणी आणि देखभाल असे सगळे एका हाती देण्याची पद्धत बसवली. वाऱ्याची काहीही माहिती नसलेला कारखानदार पवनचक्कीचा मालक होऊ लागला. मार्च २००३ पर्यंत राज्यातील पवनऊर्जेची क्षमता सुमारे ४०० मेगावॉट झाली. सवलतीने काम केले यात शंका नाही. ते कोणासाठी केले, हा प्रश्न सड्यावरच्या गावांनी विचारला.

तो प्रश्न त्यांनी वेगळ्याच भाषेत विचारला. पवनचक्क्या ढग पळवून लावतात, म्हणून पाऊस पडत नाही, असा समज २००२ नंतरच्या दुष्काळी वर्षांत सातारा-सांगलीत घट्ट बसला आणि पुढे धुळ्याकडेही ऐकू येऊ लागला. शास्त्राच्या कसोटीला तो उतरत नाही. पावसाळी ढगांची रचना कित्येक किलोमीटर उंचीपर्यंत असते, त्या यंत्रांची पाती जमिनीपासून शंभर मीटरच्या आत फिरतात. खरे तर कार्यकारण उलटे आहे. सह्याद्री ओलांडून आलेला वारा पाऊस पश्चिमेला टाकून पूर्वेकडे कोरडा पळतो. कवठेमहांकाळ, जत किंवा साक्रीच्या पट्ट्यात वारा आणि अवर्षण एकत्र नांदतात, म्हणून पवनचक्क्या दुष्काळी मुलखात आल्या. तरीही या समजाला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आणि चुकीचे आहे. मध्यस्थाने कवडीमोल भावाने घेतलेली पडीक जमीन, त्यावर उभे राहिलेले कोट्यवधींचे यंत्र, डोक्यावरून दूर निघून जाणाऱ्या तारा आणि गावात मात्र भारनियमन, हे सगळे लोकांच्या डोळ्यांसमोर होते. आपल्या वाट्याचे काहीतरी कोणीतरी पळवले, ही भावना खरी होती. फक्त चोरीला गेलेल्या वस्तूचे नाव चुकले.

साक्री तालुक्यात हाच असंतोष वनजमिनी कसणाऱ्या आदिवासींच्या हक्काच्या लढ्यात मिसळला. बीडमध्ये तो फार विद्रूप झाला. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि तपासात तिचा धागा पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी जोडला गेला. तेव्हापासून मराठवाड्यात पवनचक्की म्हटले की आधी जमिनीचे दलाल आणि दहशत आठवते.

सवलत उभारणीऐवजी निर्मितीला द्यावी, ही सुधारणा केंद्राने डिसेंबर २००९ मध्ये केली. ग्रिडमध्ये दिलेल्या प्रत्येक युनिटला ५० पैसे, अशी ती योजना होती. वेगवर्धित घसारा घेणाऱ्याला हे पैसे नाहीत, दोन्हींपैकी एकच निवडायचे. यावर उद्योगातच दोन तट पडले. करबचतीसाठी येणाऱ्या छोट्या गुंतवणूकदारांवर जगणाऱ्यांना घसारा हवा होता. निव्वळ वीज विकायला उतरलेल्या कंपन्यांना, ज्यांच्याकडे वजा करायला नफाच नव्हता, पैसे हवे होते. मार्च २०१२ अखेर दोन्ही सवलती थांबल्या. २०११-१२ मध्ये देशात सुमारे ३,२०० मेगावॉटची भर पडली होती, पुढच्या वर्षी ती १,७०० वर आली. मग २०१३ मध्ये निर्मितीचा लाभ आणि २०१४ मध्ये ८० टक्के घसारा परत आला. एप्रिल २०१७ पासून घसारा ४० टक्क्यांवर उतरला आणि निर्मितीचा लाभ बंद झाला. त्याच वर्षी पवनऊर्जेचे लिलाव सुरू झाले. फेब्रुवारीत युनिटला ३ रुपये ४६ पैसे आणि ऑक्टोबरमध्ये २ रुपये ६४ पैसे असा भाव निघाला. नोव्हेंबर २००३ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने नव्या पवनचक्क्यांसाठी साडेतीन रुपये आणि तेरा वर्षे दरवर्षी १५ पैशांची वाढ ठरवली होती, हे लक्षात घेतले की ग्राहकांच्या प्रतिनिधींना राग का आला असेल ते समजते.

हा राग व्यक्त करायला जागा आहे, ती नियामक आयोगाची जनसुनावणी. वीज कायदा २००३ नुसार दर ठरवण्यापूर्वी लोकांच्या हरकती ऐकाव्या लागतात. नागपुरात अशा सुनावण्या वनामतीच्या सभागृहात झाल्या आहेत आणि विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन तिथे आकडे घेऊन उभी राहणारी जुनी संस्था आहे. करसवलतीला अशी सुनावणी नाही; ती वित्त विधेयकातून येते आणि अधिसूचनेतून बदलते. वास्तविक दोन्हींचा सांधा जुळलेला आहे. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या २००९ नंतरच्या दरपत्रकांत घसाऱ्याचा लाभ घेणाऱ्या प्रकल्पाचा दर तेवढ्या पैशांनी कमी धरला जाई, म्हणजे सवलतीचा काही भाग ग्राहकापर्यंत पोहोचावा अशी सोय होती. ती सोय लोकांपुढे कोणी मांडली नाही.

नागपूरच्या बाजूने पाहिले की चित्र आणखी तिरके दिसते. विदर्भात चिखलदऱ्याचा घाटमाथा सोडला तर पवनचक्कीला पुरेसा वारा नाही. कोळसा मात्र इथलाच. वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय नागपुरात आहे, कोराडी आणि खापरखेडा ही औष्णिक वीजकेंद्रे शहराच्या वेशीवर आहेत. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राख शेतांत शिरली. मे २०२३ मध्ये कोराडीत नव्या संचांची जनसुनावणी वादळी ठरली. म्हणजे पवनऊर्जेची सवलत पश्चिमेच्या घाटांवर, वीज राज्यभर आणि राख विदर्भात. अनुशेषाच्या भाषेत वाढलेल्या या भागात सवलतीचा विचार याच हिशेबाने होतो. इथल्या उद्योजकांनी मागितली ती वीजदरातील सवलत, आणि २०१६ मध्ये विदर्भ, मराठवाडा व उत्तर महाराष्ट्रातील उद्योगांना ती मिळाली.

याच हिशेबाची दुसरी बाजू नागपुरात फारशी बोलली जात नाही. २०१० मध्ये कोळशावर टनाला ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लागला आणि २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. कोळशाच्या विजेत तो मिसळला आणि ग्राहकाने भरला. जीएसटीनंतर हाच पैसा राज्यांच्या भरपाईकडे वळला. स्वच्छ ऊर्जेशी त्याचे नाते नावापुरतेही उरले नाही. पवनचक्कीच्या मालकाचा लांबलेला कर डोळ्यांत खुपतो, स्वतः भरलेल्या उपकराची वाट बदलली ते कळतही नाही. प्राप्तिकर अधिकाऱ्यांना घडवणारी राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी नागपूरच्या छिंदवाडा रस्त्यावर आहे. त्या शहरात तरी हा विषय जास्त चर्चेचा व्हायला हवा होता.

सवलतीवर उभारलेला उद्योग सवलतीच्या तारखांवर हेलकावे खातो, हे अमेरिकेनेही पाहिले. १९९२ मध्ये तिथे निर्मितीनुसार करसवलत आली. तिची मुदत संपू दिली गेली की पुढच्या वर्षी उभारणी कोसळायची. डेन्मार्कने वेगळा मार्ग धरला. कोपनहेगनजवळच्या समुद्रात २००० मध्ये उभ्या राहिलेल्या मिडलग्रुंडेनच्या वीस यंत्रांपैकी निम्मी आठ हजारांहून अधिक सभासदांच्या सहकारी संस्थेची आहेत. पुढे २००९ च्या कायद्याने नव्या प्रकल्पांतील किमान २० टक्के भाग आसपासच्या रहिवाशांना देऊ करणे बंधनकारक केले. साखर कारखान्यांपासून दूध संघांपर्यंत सगळे सहकारात उभारलेल्या पश्चिम महाराष्ट्राला हे सुचू नये, याचे नवल वाटते. कारण बहुधा घसाऱ्यातच आहे: करपात्र नफाच नसलेल्या शेतकऱ्याला घसाऱ्याचा उपयोग शून्य. सवलतीच्या रचनेनेच त्याला मालकीच्या बाहेर ठेवले.

२०१९ मध्ये कंपनी कराचा २२ टक्क्यांचा पर्याय आल्यावर घसाऱ्याची किंमत आणखी उतरली. आंतरराज्य पारेषण शुल्काची माफी जून २०२५ नंतरच्या प्रकल्पांसाठी वर्षागणिक २५ टक्क्यांनी कमी होत आहे. पवनचक्कीच्या यंत्रसामग्रीवरचा जीएसटी २०२१ मध्ये ५ वरून १२ टक्के झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा ५ वर आला. सातारच्या सड्यांवरची पहिल्या पिढीची छोटी यंत्रे काढून मोठी बसवण्याचा विषय केंद्राच्या २०२३ च्या पुनर्सज्जीकरण धोरणामुळे समोर आला आहे. जागा त्याच, गावेही तीच. जमिनीचे करार आणि गावाचा वाटा नव्याने ठरवायला या वेळी निमित्त मिळाले आहे, आणि या सगळ्या सवलतींत त्या वाट्याची अट अजून कुठेही घातलेली नाही.