चूक की दुवा?

रहस्यकथा वाचणाऱ्याला एक खोड जडते. इतर कादंबऱ्या वाचताना ती त्याला फारशी छळत नाही. प्रेमकथेतली नायिका दुपारी तीनला स्टेशनवर पोचली आणि गाडी दोनशे पानं आधीच्या उल्लेखाप्रमाणे अडीचलाच सुटत असली, तरी आपण तिच्यासाठी हळहळतो आणि पान उलटतो. रहस्यकथेत मात्र थबकतो, मागे जातो, गाडीची वेळ पुन्हा पाहतो. मग प्रश्न पडतो : लेखक विसरला, की कुणीतरी खोटं बोलतंय? लेखकाची अशी उलटतपासणी घेण्याचा हक्क वाचकाला कुणी एका दिवसात बहाल केलेला नाही. तो हळूहळू, भांडत भांडत मिळालेला आहे.

त्या भांडणाची सुरुवात जवळपास रहस्यकथेइतकीच जुनी. १८४१ साली एडगर ॲलन पोनं ‘मर्डर्स इन द रू मॉर्ग’ लिहून डिटेक्टिव्ह कथेचा पाया घातला. त्याच वर्षी डिकन्सची ‘बार्नबी रज’ हप्त्याहप्त्यानं येत होती. सुरुवातीचे हप्ते वाचूनच पोनं त्यातला खुनी कोण असणार याचा अंदाज छापून टाकला. कादंबरी पूर्ण झाल्यावर त्यानं पुन्हा परीक्षण लिहिलं आणि त्यात एक बारीक हरकत घेतली. बार्नबीच्या बापाचा, रजचा, खून झाला असं गावकरी समजतात आणि सांगतात, ते ठीक आहे, त्यांना खरं माहीत नाही. पण तो जिवंत असताना त्याच्या बायकोला लेखकानं स्वतःच्या तोंडानं ‘विधवा’ म्हणावं, हे पोला अप्रामाणिक वाटलं. हरकत एका शब्दाची, पण पुढचं सगळं शास्त्र तिच्यात आहे. पात्राला खोटं बोलायची मुभा आहे, निवेदकाला नाही.

हा दंडक पोलाही जड गेला. न्यूयॉर्कमधल्या मेरी रॉजर्स या तरुणीच्या गूढ मृत्यूवर बेतलेली ‘मिस्ट्री ऑफ मारी रोजे’ मासिकातून क्रमशः येत असतानाच खऱ्या प्रकरणात नवी माहिती उघड झाली. १८४५ साली कथा पुस्तकात घेताना त्यानं मजकुरात इथेतिथे डागडुजी केली आणि आपला तर्क आधीपासूनच तिकडे झुकत होता असं भासवलं.

आर्थर कॉनन डॉयलला असल्या डागडुजीची गरजच वाटली नाही. अफगाणिस्तानच्या लढाईत शेरलॉक होम्सच्या सोबत्याला, डॉ. वॉटसनला, लागलेली गोळी पहिल्या कादंबरीत खांद्यात आहे, दुसरीत पायात. त्याचं नाव जॉन, पण एका कथेत त्याची बायको त्याला जेम्स म्हणते. ‘रेड-हेडेड लीग’मधली जाहिरात २७ एप्रिल १८९०ची. ती हातात घेऊन वॉटसन म्हणतो, दोनच महिने झाले. आणि लीग बंद झाल्याची पाटी मात्र ९ ऑक्टोबरची आहे. ‘सिल्व्हर ब्लेझ’ प्रसिद्ध झाल्यावर रेसच्या जाणकारांनी त्यातल्या घोडदौडीच्या अज्ञानावर झोड उठवली. डॉयलनं आत्मचरित्रात ते अज्ञान हसत कबूल केलं. तपशिलांची धास्ती आपण कधी बाळगली नाही, असंही सांगून टाकलं. मासिकासाठी कथा लिहायची, ती लोकांनी एका बैठकीत वाचायची, पुढच्या महिन्यात दुसरी. मागची जखम कुठे होती हे उघडून पाहणार कोण?

पाहणारे निघाले. १९११ साली ऑक्सफर्डमध्ये रोनाल्ड नॉक्स या तरुणानं होम्सकथांवर एक निबंध वाचला. धर्मग्रंथांचे अभ्यासक पाठभेद आणि विसंगती ज्या गांभीर्यानं तपासतात, त्याच गांभीर्यानं त्यानं वॉटसनच्या नोंदी तपासल्या. हेतू थट्टेचा होता, पण त्या थट्टेतून एक खेळ उभा राहिला. खेळाचा नियम असा की होम्स आणि वॉटसन खरे होते असं धरायचं आणि प्रत्येक विसंगतीला कारण शोधायचं. त्या जेम्सचा उलगडा डोरोथी सेयर्सनं केला. वॉटसनच्या नावात मधे ‘एच’ आहे. तो हेमिश असावा, आणि हेमिश म्हणजे स्कॉटलंडमधला जेम्स.

या खेळातली गंमत बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते. क्षुल्लक असं काही नसतं, हा धडा वाचकांना होम्सनंच दिला होता. रात्री न भुंकलेला कुत्रा ज्याला दिसतो त्याच्या पंक्तीला बसायचं, तर वॉटसनचा खांदा नजरेतून सुटून कसा चालेल? डॉयलनं घडवलेली नजर डॉयलवरच उलटली.

पुढच्या दोन दशकांत या नजरेला कायद्याचं रूप आलं. १९२८ साली एस. एस. व्हॅन डाइननं डिटेक्टिव्ह कथेचे वीस नियम छापले. पुढच्या वर्षी दहा नियमांची सनद आली, तीही याच नॉक्सची. १९३० साली लंडनमध्ये डिटेक्शन क्लब स्थापन झाला. सदस्यांना वाचकाशी सचोटीनं वागण्याची शपथ घ्यावी लागे. करार सरळ होता : डिटेक्टिव्हला मिळालेला प्रत्येक धागा वाचकालाही मिळाला पाहिजे. ॲगाथा क्रिस्टीच्या ‘मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’वरून १९२६मध्ये वाद झाला, तो याच करारावरून. फसवणूक झाली असं काहींना वाटलं. पण पुस्तक दुसऱ्यांदा वाचलं की कळतं, वाक्यं खरी आहेत. फक्त दोन वाक्यांमध्ये जागा सोडलेली आहे.

या करारानं चुकीचा अर्थच पालटला, असं मला वाटतं. वॉटसनची जखम १९३५च्या एखाद्या कादंबरीत अशी खांद्यावरून पायात सरकली असती, तर कुणी लेखकाला विसरभोळा म्हटलं नसतं. हा वॉटसन तोतया आहे, असंच चाणाक्ष वाचकानं म्हटलं असतं. लेखकाला दुवा उघड्यावर ठेवायचा असतो, पण तो सहज नजरेआड होईल अशा बेतानं. म्हणून चांगला दुवा एखाद्या बेसावध तपशिलासारखा दिसतो, आणि लेखकाची खरी चूकही तशीच दिसते. शेवटचं पान येईपर्यंत त्या दोघांत फरक करता येत नाही. अशा वेळी वाचक लेखकाच्या शहाणपणावर पैज लावतो आणि पुढे वाचतो.

तपशील बाहेरच्या जगाशी जुळत नाही, तेव्हा गोष्ट वेगळी. क्रिस्टीच्या ‘डेथ इन द क्लाउड्स’मध्ये विमानात फुंकनळी सापडते. खरी फुंकनळी चांगली पुरुषभर लांब असते, विमानात लपणार कशी? ही टीका क्रिस्टीनं पुढे १९५२च्या कादंबरीत एरियाडनी ऑलिव्हर या आपल्याच लेखिका-पात्राच्या तोंडी घातली आणि स्वतःची थट्टा केली. सत्यजित राय यांनी ‘सोनार केल्ला’त तोच गमतीचा मार्ग धरला, जटायू या लेखक-पात्राच्या थरारकथेतल्या उंटाच्या पाण्याची चूक डिटेक्टिव्ह फेलूदा दुरुस्त करतो. सेयर्सचं नशीब याहून विचित्र. ‘डॉक्युमेंट्स इन द केस’ या १९३०च्या कादंबरीत अळंबीतलं विष नैसर्गिक की प्रयोगशाळेत बनवलेलं, याचा निवाडा ध्रुवित प्रकाशावर होतो. त्या काळी मानल्या जाणाऱ्या रेणुरचनेनुसार हा पुरावा चुकीचा ठरत होता. १९५०च्या दशकात विषाची खरी रचना उलगडली आणि कादंबरीच बरोबर निघाली.

कायद्यावर घाव घातला रेमंड चँडलरनं. १९४४च्या एका निबंधात त्यानं ए. ए. मिल्नच्या ‘रेड हाउस मिस्ट्री’ची चिरफाड केली. मयताची ओळख कुणी नीट पटवून घेत नाही आणि तरीही सरकारी चौकशी पार पडते; असं घडत नसतं, आणि हे घडत नसेल तर कादंबरीतलं कोडंच उरत नाही. कादंबरी निघून तेव्हा बावीस वर्षं झाली होती. पण चँडलरच्याच ‘द बिग स्लीप’वर हॉवर्ड हॉक्स चित्रपट करत असताना त्या मंडळींनी तारेनं विचारलं, की शोफरला कुणी मारलं? चँडलरला ते सांगता आलं नाही.

आणखी अर्धशतकानं पियर बायार या फ्रेंच प्राध्यापकानं १९९८मध्ये शेवटची पायरी गाठली. ॲक्रॉइडच्या कादंबरीतल्या विसंगती मांडून त्यानं ठरवलं, की त्यातल्या डिटेक्टिव्हनं, प्वारोनं, चुकीच्या माणसाला पकडलं. पोनं लेखकाकडून सचोटी मागितली होती. बायारनं लेखकाच्या हातून निकालपत्रच काढून घेतलं.

आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांच्या वाचकाला असला खटला चालवावासा वाटला नाही. तो झुंजारची आणि काळापहाडची हिंमत पाहायला येत असे, कोडं सोडवायला नव्हे. जिथे करार नाही, तिथे कच्चा दुवाही नसतो.

म्हणून विसंगती सापडली की मी आता दोन प्रश्न विचारतो. ही दुरुस्त केली तर गोष्ट उभी राहते का? आणि मला फसवलं ते पात्रानं की लेखकानं? वॉटसनची जखम कुठेही हलवा, एकही गुन्हेगार सुटत नाही. शोफरच्या खुन्याच्या जागी कुणाचंही नाव घाला, चँडलरच्या डिटेक्टिव्हची, मार्लोची, वाट बदलत नाही. डिकन्सची ‘विधवा’ एका शब्दात सुधारता येते, पण तिथे दगा लेखकाचा आहे, म्हणून पोची हरकत आजही टिकते. मिल्नच्या मयताची मात्र ओळख पटवून घ्या, म्हणजे कादंबरी सुरू होताच संपते. ज्या चुका टिपून आपण मिशीवर ताव देतो त्या बहुतेक निरुपद्रवी असतात. घातक चूक गृहीतकात असते, आणि ते गृहीतक मान्य करूनच आपण पुस्तकात शिरलेलो असतो. त्यामुळे गुन्हेगार सापडल्यावर मी शेवटचं प्रकरण पुन्हा चाळत बसत नाही. पहिलं वाचतो.