आधी बिघाड विचारात घ्या

घरी इंधन तयार करायचं म्हटलं की लोक विचारतात, किती निघेल आणि पैसे किती वाचतील? माझ्या मते त्याआधी विचारावं, हे बिघडलं तर काय होईल? घरातलं कोणतंही यंत्र कधीतरी बिघडतंच, आणि त्या वेळी जवळ तज्ज्ञ नसतो, मुलं असतात.

तळणीच्या तेलाचं बायोडिझेल होतं, पण त्याला मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा लागतो. मिथेनॉलची ज्योत उजेडात दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. ते पोटात गेलं तर दृष्टी जाऊ शकते. लाकडाच्या वायूवर इंजिन चालतं, पण त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दोन्हीकडे चूक कळायच्या आत इजा झालेली असते.

तरंगत्या टाकीचा बायोगॅस मला म्हणूनच पटतो. मोठ्या टाकीत छोटी उपडी घातलेली असते. गॅस साठेल तशी ती वर उचलली जाते, आणि दाब तिच्या वजनापुरताच राहतो. गॅस फार झाला तर कडेनं बुडबुड्यांवाटे निघून जातो. अडकून बसेल अशी झडप त्या वाटेवर नसतेच. गळती झाली तर कुजक्या अंड्यासारखा वास येतो. खरकटं जास्त पडलं तर आतला काला आंबट होतो, जिवाणू मंदावतात आणि शेगडी पेटत नाही. चुकीची शिक्षा एवढीच: पुन्हा शेण घालून काही दिवस थांबायचं.

पुण्यात 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी २००३ च्या सुमारास शेणाऐवजी पीठ, शिळं अन्न घालून छोटं संयंत्र विकसित केलं. शेण हा जनावरानं आधीच पचवलेला चारा. त्यात जिवाणूंसाठी उरतं थोडं. पिष्टमय अन्नातून गॅस लवकर आणि कितीतरी जास्त मिळतो. २००६ मध्ये या कामाला अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला.

तरीही हा ज्वालाग्राही वायू आहे. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के मिसळला की ठिणगी पुरते. म्हणून टाकी उघड्यावरच हवी, पहिला गॅस न पेटवता सोडून द्यावा, आणि तो सिलिंडरमध्ये भरण्याचा खटाटोप मुळीच करू नये. जमिनीतली टाकी असेल तर साफसफाईला आत उतरू नये. तिथे प्राणवायू नसतो. ज्यांना अंगण किंवा गच्ची नाही, त्यांनी ओला कचरा सोसायटीच्या सामाईक संयंत्राला द्यावा.